छातीत बाजूला जागा नसते

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. त्या रात्रीची आठवण महाड-पोलादपूरच्या माणसाला कुणी करून द्यायला नको. त्या दुर्घटनेनंतरची एक गोष्ट मात्र मला इथे सांगायची आहे. पडलेल्या पुलाच्या शेजारी दुसरा पूल उभा होता, म्हणून महामार्ग चालू राहिला. नवा पूल बांधायला त्यामुळे उसंत मिळाली आणि जून २०१७ मध्ये तो खुलाही झाला. नदीचं पात्र रुंद असतं. जुन्याला बगल देऊन नवं बांधता येतं आणि बांधून होईपर्यंत शेजारून ये-जा चालू ठेवता येते.

माणसाच्या छातीत अशी बगल नसते. प्रत्यारोपण केलेलं फुप्फुस निकामी झालं, तर दुसरं बसवायचं ते बहुधा त्याच पोकळीत, जुने टाके उसवून, जुन्या जखमेतून वाट काढत. आणि ते बसेपर्यंत श्वास चालू ठेवायला शेजारी फार काळ टिकणारा दुसरा पूल नसतो.

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची गोष्ट आता गावागावांत ऐकून माहीत आहे. नवं मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात, मूळची दोन सहसा जागच्या जागीच राहतात. काही वर्षांनी नवं थकलं तर पुढचं दुसऱ्या बाजूला बसवता येतं, मधल्या काळात डायलिसिस असतं. लोक हाच हिशेब फुप्फुसाला लावतात. ‘हे नाही टिकलं तर दुसरं बसवू’ हे वाक्य रुग्णालयाच्या बाकड्यावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून मी ऐकलं आहे. एकमेकांना धीर द्यायला ते बोललं जातं, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या वाक्यावर विसंबून घेतलेला निर्णय घातक ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दुसऱ्या प्रत्यारोपणाचं भवितव्य पहिल्याच वेळी, आणि त्यानंतर घरी काढलेल्या वर्षांत, बरंचसं ठरून जातं. दुसऱ्या वेळच्या शल्यविशारदाच्या हाती फार थोडं उरतं.

महाडात किंवा पोलादपुरात फुप्फुस प्रत्यारोपण होत नाही, होण्याचं कारणही नाही. त्यासाठी मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद गाठावं लागतं. पण शस्त्रक्रिया तिकडे झाली तरी ते फुप्फुस घेऊन माणूस परत येतो तो इथेच, घाटाच्या पायथ्याला, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात. आणि याबद्दल आत्ताच बोलायला कारण आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडनं फुप्फुसं जळाल्यासारखी झालेल्या रुग्णांवर देशात, विशेषतः चेन्नई आणि हैदराबादला, प्रत्यारोपणं झाली. त्याआधी हे नावही न ऐकलेल्या घरांत ते पोचलं. त्या पिढीच्या नव्या फुप्फुसांना आता पाच वर्षांचा उंबरठा लागतो आहे, आणि हा उंबरठा साधा नाही.

जगभरच्या नोंदी सांगतात की पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या नव्या फुप्फुसात हळूहळू वाढणारा बिघाड सुरू झालेला असतो. शरीर परक्या अवयवाला दमादमानं नाकारत राहतं. बारीक श्वासनळ्या आतून जून होऊन बुजत जातात, किंवा फुप्फुसच घट्ट होऊन आक्रसतं. पहिल्या प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत जगतात ती साडेसहा वर्षांच्या आसपास आहे. दुसऱ्यानंतर ही मुदत साधारण निम्म्यावर येते. जगात होणाऱ्या एकूण फुप्फुस प्रत्यारोपणांपैकी दुसऱ्यांदा होणारी शंभरात चार-पाचच असतात. बिघाड निम्म्यांना होतो, दुसरी संधी मात्र इतक्या थोड्यांना मिळते. असं का, हे छातीच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

फुप्फुस शरीराला तीन ठिकाणी जोडलेलं असतं. एक श्वासनलिकेची शाखा, एक हृदयाकडून अशुद्ध रक्त आणणारी धमनी आणि शुद्ध रक्त परत नेणाऱ्या दोन शिरा. या शिरा एकेक करून शिवत नाहीत. त्या ज्या हृदयकप्प्यात उघडतात त्याची छोटीशी किनार दात्याच्या फुप्फुसाबरोबरच घेतात आणि ती किनार रुग्णाच्या हृदयाला शिवतात. तीन जोड झाले की फुप्फुस बसलं. कागदावर इतकं सोपं दिसणारं हे काम जमायला वीस वर्षं लागली. जेम्स हार्डी यांनी अमेरिकेत मिसिसिपीला १९६३ मध्ये पहिलं फुप्फुस बसवलं, तो रुग्ण अठरा दिवस जगला. फुप्फुसाचं पहिलं खरं यश टोरांटोत १९८३ मध्ये जोएल कूपर यांच्या हातून आलं. मधल्या काळात रुग्ण वारंवार दगावत होते ते बहुतेक एकाच जागी: श्वासनलिकेचा जोड सुटायचा. त्या नलिकेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या प्रत्यारोपणात बहुधा जोडल्याच जात नाहीत. जोडाची कड फुप्फुसाकडून उलट झिरपत येणाऱ्या रक्तावर जगते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

निरोगी छातीत फुप्फुस सुटं असतं. बरगड्यांच्या आतून एक ओलसर पापुद्रा, फुप्फुसावर दुसरा, आणि दोन्ही एकमेकांवर सरकत असतात. मोड आलेला वाल चिमटीत दाबला की सालीतून दाणा निसटतो, तसं हे पहिलं फुप्फुस बाहेर काढता येतं. एकदा छाती उघडली, रक्त सांडलं, परका अवयव आत बसला की हे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. त्या चिकटलेल्या जागेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. दुसऱ्या वेळी शल्यविशारदापुढे असतो तो कोरडा वाल: साल ओढावी तर दाण्याचा तुकडा तिच्याबरोबर येतो. बोटानं सुटत नाही, कात्रीनं सोडवावं तर रक्त येतं, आणि ते एका जागेहून येत नाही, छातीच्या सगळ्या भिंतीतून पाझरतं. कधी कधी पापुद्र्याच्याही बाहेरून, बरगडीला लागून, सगळा थर खरवडत काढावा लागतो.

त्यामुळे छाती कुठून उघडायची, इथूनच प्रश्न सुरू होतात. पहिल्या वेळी दोन्ही फुप्फुसं बदलायची असतील तर पुष्कळ शल्यविशारद आडवा छेद घेतात: एका काखेखालून दुसऱ्या काखेखालपर्यंत, मधलं हाड आडवं कापून. शिंपला उघडावा तशी छाती उघडते, आणि या छेदाचं नावही शिंपल्यावरूनच पडलं आहे. समोर सगळं दिसतं, हृदयही हाताशी येतं. पण याची किंमत असते. त्या हाडाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या बांधून तोडाव्या लागतात. दुसऱ्या वेळी तेच हाड, धमन्या गमावलेलं, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या शरीरातलं, पुन्हा कापायचं असतं. ते नीट सांधलं नाही, त्यात जंतुसंसर्ग झाला, तर फुप्फुस चांगलं चालूनही माणूस अंथरुणाला खिळतो.

म्हणून काही जण हाड न कापता दोन्ही बाजूंना वेगवेगळे छेद घेतात. हाड वाचतं, दुखणं कमी, माणूस लवकर उठून बसतो. मात्र अरुंद फटीतून काम करताना खोलवर रक्तस्राव झाला तर तो दिसायला वेळ लागतो आणि ऐन वेळी छेद वाढवावाच लागतो. हाड उभं कापून मधून आत जाण्याचाही मार्ग आहे. त्यात वेदना कमी, शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र जोडणं सोपं. पहिल्या वेळी तो चांगला. दुसऱ्या वेळी मागच्या बाजूची आणि खाली श्वासपटलाजवळची चिकटलेली जागा त्या वाटेनं हाती लागत नाही, डाव्या बाजूला हृदयच आड येतं. एकच बाजू बदलायची असेल तर रुग्णाला कुशीवर घेऊन पाठीकडून बाजूनं उघडणं सोयीचं, कारण चिकटलेला भाग मागेच जास्त असतो. पण मग हृदयाकडच्या मोठ्या वाहिन्या लांब पडतात आणि यंत्र जांघेतून जोडावं लागतं. यातला कुठलाही मार्ग ‘चांगला’ नाही. पहिल्या वेळी कुठला घेतला होता यावर दुसऱ्या वेळी कुठला कमी वाईट, एवढंच ठरतं.

नंतर प्रश्न बाजूचा. पहिल्या वेळी एकच फुप्फुस बदललं असेल तर आता तीन वाटा उरतात. निकामी झालेलंच काढून तिथे नवं बसवायचं, किंवा कधीही न उघडलेल्या दुसऱ्या बाजूला बसवायचं, किंवा दोन्ही. न उघडलेली बाजू शल्यविशारदाला साहजिकच खुणावते, तिथे काहीच चिकटलेलं नसतं. छातीत बाजूला जागा मिळण्याची ही एकच वेळ. पण मग पहिल्या दात्याचं बिघडलेलं फुप्फुस आतच राहतं. त्यात जंतू आणि बुरशी घर करून बसलेली असू शकते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तर आयुष्यभर चालूच असतात. शिवाय शरीराचं त्या फुप्फुसाशी चाललेलं वैरही संपत नाही. शस्त्रक्रियेला सोपी बाजू नंतरच्या वर्षांना जड जाऊ शकते. हा तोल रुग्ण पाहूनच ठरतो, कुठल्याही तक्त्यावरून नाही.

आत गेल्यावर सर्वांत नाजूक जागा लागते ती फुप्फुसाच्या देठाशी. देठाच्या पुढून, हृदयाच्या आवरणावरून श्वासपटलाची नस उतरते. पहिल्या वेळी ती पांढऱ्या दोऱ्यासारखी वेगळी दिसते. दुसऱ्या वेळी ती व्रणात गाडलेली असते. ती दुखावली तर श्वासपटल हलत नाही, आणि निर्दोष नवं फुप्फुस न हलणाऱ्या पटलावर बसून राहतं. रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटत नाही. धमनी आणि शिरा सोडवतानाही व्रणात हात घालण्यापेक्षा हृदयाचं आवरण उघडून आतल्या कोऱ्या जागेत त्यांना पकडणं शहाणपणाचं ठरतं. श्वासनलिकेच्या बाबतीत जुना जोड कापून थोडं मागे, रुग्णाच्या स्वतःच्या नलिकेवर नवा जोड घ्यावा लागतो. इथे लांबी मोजकी असते. उजवीकडे तर मुख्य नलिका दुभंगते ती जागा अगदी जवळ येते. आधीच कमी रक्त मिळणारी ती कड आता दुसऱ्यांदा कापलेली असते. वर सांगितलेला १९८३ च्या आधीचा शत्रू दुसऱ्या वेळी असा पुन्हा समोर उभा राहतो.

आणि एक गोष्ट, जी वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. धमनीची आणि हृदयकप्प्याची जुनी किनार पुष्कळदा काढतच नाहीत. पहिल्या दात्याची ती पट्टी रुग्णाच्या हृदयावर तशीच ठेवून तिच्यावर दुसऱ्या दात्याचं फुप्फुस शिवतात, कारण ती काढायला गेलं तर रुग्णाच्या हृदयाचाच भाग कमी पडेल. म्हणजे एका छातीत तीन माणसं सलग शिवलेली असतात. पहिल्या घरानं दिलेलं दान निकामी झालं म्हणतो आपण. पण त्याचा तो बोटभर काठ दुसऱ्या दानाला आधार देत आत उभा असतो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट हाताशी नसते. दात्याचं फुप्फुस थंड ठेवून साधारण सहा ते आठ तासांत रक्ताला जोडलं जावं असा आजवर पाळला गेलेला दंडक आहे. पहिल्या प्रत्यारोपणात अवयव वाटेत असताना छाती उघडून तयारी होते. दुसऱ्या वेळी चिकटलेलं सोडवायलाच काही तास जातात, म्हणून छाती फार आधी उघडावी लागते. तोवर दात्याचं फुप्फुस हातात घेऊन शेवटची तपासणी झालेलीही नसते. लवकर उघडली आणि फुप्फुस नापसंत ठरलं, तर माणूस विनाकारण रक्तबंबाळ. उशिरा उघडली, तर बर्फातलं फुप्फुस वाट पाहत खराब. रक्तस्राव आवरावा म्हणून आता जुन्या हृदय-फुप्फुस यंत्राऐवजी कमी रक्तपातळ औषधावर चालणारं एक्मो हे यंत्र अधिक वापरतात. त्यानं पुष्कळ सुधारणा झाली. धोका गेला नाही.

आपल्याकडच्या वाचकानं इथे एक गोष्ट ताडली असेल. छाती चिकटायला प्रत्यारोपणच व्हावं लागत नाही. क्षय होऊन गेला, छातीत पू झाला आणि नळी टाकली, पाणी पुन्हा पुन्हा भरतं म्हणून औषध घालून पापुद्रे मुद्दाम चिकटवले, गाठ काढायला एकदा उघडलं, की छातीपुरतं पाहिलं तर आपल्या माणसाचं पहिलं प्रत्यारोपणही दुसऱ्यासारखंच होतं. क्षयानं इतकी घरं पाहिलेल्या मुलखात हे अपवादानं घडत नाही. म्हणून प्रत्यारोपण अशक्य होतं असं नाही. पण फुप्फुस घट्ट होत जाण्याचा आजार असलेल्या तरुण रुग्णाच्या छातीला हात लावण्याआधी, पुढे कधी प्रत्यारोपणाची वेळ येईल का, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणीही विचारला गेला पाहिजे. आणि जे केलं ते लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरं प्रत्यारोपण मुळीच करू नये असं मी म्हणत नाही. पहिल्यानंतर बरीच वर्षं गेली आहेत, बिघाड बारीक नळ्या बुजण्याचा आहे, मूत्रपिंडं शाबूत आहेत, माणूस स्वतःच्या पायांनी चालतो आहे, अशांना त्याचा खराखुरा फायदा होतो. पहिलं फुप्फुस काही दिवसांत किंवा पहिल्याच वर्षात गेलं, किंवा आक्रसून घट्ट झालं, किंवा माणूस आधीच व्हेंटिलेटरवर आहे, तिथे निकाल फार वाईट येतात. आणखी एक अडसर डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या परक्या फुप्फुसानं शरीराला शत्रू ओळखायला शिकवलेलं असतं. रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली असतात, आणि जुळणारा दाता पहिल्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ होतो. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घेऊन मूत्रपिंडं झिजलेली असतात, ती वेगळीच. खर्च पहिल्या वेळीच कित्येक लाखांत गेलेला असतो. जमीन एकदाच विकता येते.

आणि दाते किती? मेंदूमृत व्यक्तीचे अवयव देण्याचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्र तो पहिल्यांदा लागू करणाऱ्या राज्यांपैकी. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली समन्वय केंद्रं प्रतीक्षायादी सांभाळतात. तरी एवढ्या मोठ्या देशात मेंदूमृत दात्यांची वार्षिक संख्या २०२३ मध्ये अकराशेच्या घरात होती आणि त्या वर्षी फुप्फुसाची प्रत्यारोपणं दोनशेच्या आसपास. फुप्फुस हा दात्याच्या शरीरात सर्वांत लवकर बिघडणारा अवयव. अपघात, उलटी श्वासात जाणं, व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, यांतून थोडीच वापरण्याजोगी उरतात. एकाला दुसऱ्यांदा देताना पहिल्यांदाच वाट पाहणारा कुणीतरी मागे राहतो. मला यावर सोपं उत्तर सापडलेलं नाही. ज्याला आपण एकदा हात दिला त्याला मध्येच सोडू नये, हे खरं वाटतं. तितकंच हेही खरं वाटतं की दात्याच्या घरानं दिलेल्या वस्तूचा उपयोग जिथे जास्त काळ होईल तिथे ती जावी. निदान हे प्रश्न कुटुंबापुढे पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी, शांतपणे, मराठीत मांडले जावेत. शेवटच्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दारात ते मांडणं क्रूर आहे. दुसरं प्रत्यारोपण नको असं ठरलं, तर ऑक्सिजन आणि धाप हलकी करणारी औषधं देऊन माणसाला घरच्यांत ठेवणं, हेही वैद्यकच आहे. त्याला माघार म्हणू नये.

म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दोन प्रत्यारोपणांच्या मधल्या वर्षांची, आणि ती वर्षं इथे जातात.

समजा, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला चाळिशीचा माणूस. मुंबईत नोकरी, तिथेच फुप्फुस बदललं, पुढे विश्रांतीसाठी गावी आला. त्याच्या घरामागे गोठा आहे, पावसाळ्यात दमट झालेला पेंढा आहे, शेणखताचा खड्डा आहे. इतर घरच्यांना यातलं काहीच बाधत नाही. त्याच्या फुप्फुसात मात्र त्या पेंढ्यातली बुरशी रुजू शकते, कारण औषधांनी पहारा उठवलेला असतो. गोठ्यात न जाणं, उडवी न हलवणं, राब भाजताना घरात थांबणं हे त्याचे नाजूक चोचले नाहीत. ते त्याला पहिलं फुप्फुस टिकवण्यासाठी करावंच लागतं, आणि ‘शहरात राहून मोठा झाला’ असं त्याला कुणी म्हणू नये. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेतल्या भिंती कितीतरी दिवस ओल्या होत्या. चिखल उपसायला सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. अशा वेळी या माणसानं घर सोडून कोरड्या जागी जायला हवं, फावडं हातात घ्यायला नको.

दुसरं, औषध. त्याची टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. रस्ते तुटले, आंबेनळी घाट बंद, वरंध घाट बंद, महामार्गावर पाणी. ही गोळी तालुक्याच्या औषधदुकानात सहसा ठेवलेली नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात किमान दोन महिन्यांचा साठा घरात असणं, ही या मुलखातली पहिली वैद्यकीय सूचना आहे, आणि मोठ्या शहरातल्या डॉक्टरला ती सुचेलच असं नाही, कारण त्यानं घाट बंद झालेला पाहिलेला नसतो.

तिसरं, स्थानिक डॉक्टरची चिठ्ठी. ताप आला, अंग दुखलं, म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, तर टॅक्रोलिमसनं आधीच ताणलेली मूत्रपिंडं आणखी दुखावतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरच्या काही गोळ्या दिल्या तर रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढते. क्षयाचं रिफॅम्पिसिन सुरू केलं तर ती इतकी घसरते की शरीर फुप्फुस नाकारू लागतं. परसातलं पपनसही ती पातळी वाढवतं. इथे कुणाचा निष्काळजीपणा म्हणायचा नाही; वर्षातून एखादाच असा रुग्ण दारात आला, तर हे लक्षात राहणार कसं? म्हणून रुग्णाच्या खिशात मराठीत छापलेलं कार्ड असावं: कुठली औषधं देऊ नयेत आणि कुणाला फोन करावा. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं तो फोन करायला कमीपणा मानू नये, आणि पलीकडच्या मोठ्या रुग्णालयानं तो रात्रीही उचलावा.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं ते फुंकणं. घरी वापरायचं हातात मावणारं श्वासमापक यंत्र मिळतं. रोज सकाळी त्यात जोर लावून फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आपल्या आज्या चुलीत फुंकणी घालून विस्तव जागा ठेवायच्या, तसंच हे रोजचं काम. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी घट झाली की फोन करायचा. वीस टक्क्यांची घट टिकून राहिली आणि तिचं दुसरं कारण सापडलं नाही, तर दीर्घकाळचा बिघाड सुरू झाला असं डॉक्टर मानतात. गेलेला श्वास सहसा परत येत नाही; लवकर कळलं तर घसरण थोपवता येते. औषध बदलता येतं, ॲझिथ्रोमायसिनचा काहींना उपयोग होतो, छातीत उलटून येणारं आम्ल थांबवता येतं. धाप लागेपर्यंत थांबलेल्या माणसाला हे सगळे उपाय उशिरा मिळतात, आणि मग घरात दुसऱ्या फुप्फुसाची भाषा सुरू होते. महाड आणि पोलादपूरच्या रुग्णालयांत एक चांगलं श्वासमापक यंत्र, ते नीट वापरणारा एक माणूस आणि टॅक्रोलिमस तपासणीसाठी रक्त घेऊन मुंबईला पाठवण्याची सोय असावी. प्रत्यारोपणाच्या खर्चापुढे ही रक्कम मोजण्यासारखीही नाही. याच यंत्रानं दगडखाणीतल्या, रासायनिक कारखान्यातल्या आणि चुलीपुढच्या माणसांची फुप्फुसंही वेळेत तपासता येतील, म्हणजे त्यांच्यातल्या काहींवर पहिल्या प्रत्यारोपणाचीच वेळ येणार नाही.

आणि कागद. घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर शस्त्रक्रियेबद्दल दोन-चार ओळी असतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. संपूर्ण शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्यावी: छेद कुठला घेतला, हाड कापलं का, कुठली तार आत आहे, श्वासनलिकेचा जोड कसा घेतला, चिकटलेलं किती होतं, यंत्र कुठून जोडलं. प्रतिपिंडांचे अहवालही घ्यावेत. सहा-सात वर्षांनी दुसऱ्या शहरातला, कदाचित दुसऱ्या भाषेतला शल्यविशारद त्या छातीपुढे उभा राहील, तेव्हा त्याच्याजवळ नकाशा एवढाच असेल. महाडात पाणी चढायला लागलं की सातबारा, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकतात. हे कागद त्याच पिशवीत असावेत, एक प्रत मुंबईच्या नातेवाइकाकडे, आणि वर फुंकण्याच्या आकड्यांची वही.